राखणदाराचा पत्ता

सोमवारी सकाळी पावणेदहाला नजमा तडवी भुसावळला नारखेड्यांच्या घरी पोहोचली, तेव्हा भास्करराव गप्प होऊन एक्केचाळीस तास झाले होते. हा आकडा कालिंदीबाईंनीच तिला दारात सांगितला. त्यांनी तेहतीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काढली होती. वेळ आणि माप अंदाजपंचे सांगायची त्यांना सवय नव्हती.

"शनिवारी दुपारी पावणेपाचला लाइट गेली," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटांनी आली ती अशी की ट्यूबच उडाली. तेव्हापासून यांचं यंत्र मुकं आहे. आतले पंखे फिरतायत, हिरवा दिवा लागलाय, पण बोलत नाही."

"बंद-चालू तर नाही ना केलंत काकू?"

"फोनवर तूच नको म्हणालीस. हात लावलेला नाही."

नजमाने चपला काढल्या, पाठीवरची बॅग उतरवली आणि आधी पलंगाशी गेली. जिल्हा रुग्णालयाच्या यंत्रविभागात ती पाच वर्षं होती. जिल्ह्यातली असली चौदा यंत्रं तिच्याकडे होती. तिची एक रीत होती. यंत्राआधी माणसाला भेटायचं.

"काका, मी नजमा. यावलची. मागच्या वर्षी आले होते."

भास्कररावांनी डोळे वर केले. डोळे वर म्हणजे हो, मिटले म्हणजे नाही. सहा वर्षांपूर्वी हात जड झाले इथपासून सुरुवात झालेल्या आजाराने त्यांच्यापाशी एवढंच ठेवलं होतं. मेंदू ठणठणीत होता, पण मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा एकेक करून मेल्या होत्या. अन्न नळीने पोटात जाई, श्वासाला मुखवटा होता. आणि हा माणूस एके काळी रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होता, इंजिनांच्या आवाजावर आवाज चढवून बोलायचा. घरीसुद्धा त्याचा आवाज शेजारच्या गल्लीत जायचा.

तो आवाज त्यांना चार वर्षांपूर्वी परत मिळाला होता. योजनेचं नाव होतं वाचासेतू. जीभ आणि ओठ हलवायचा हुकूम मेंदूच्या ज्या भागातून सुटतो, त्या भागावर डॉक्टरांनी नखाएवढी एक जाळी बसवली. माणसाने बोलायचं ठरवलं की जीभ हलो न हलो, तिथल्या पेशी आपलं काम करतातच. त्यांची ती चुळबूळ जाळी टिपायची आणि पलंगाखालच्या सूटकेसएवढ्या यंत्राकडे पाठवायची. यंत्र त्यातून अक्षरं ओळखायचं आणि भास्कररावांच्याच जुन्या आवाजात बोलायचं. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "माझी सायकल कोणी नेली?" ती हर्षलने, त्यांच्या मुलाने, विकून टाकली होती. त्यावरून घरात भांडण झालं आणि ते ऐकून कालिंदीबाई मोरीत जाऊन मनसोक्त रडल्या होत्या, इतकं बरं वाटलं होतं त्यांना.

पुढे आजार वाढला तशी ती चुळबूळही पुसट झाली. मग यंत्रात शब्दपूरण आलं. आजाराच्या सुरुवातीला भास्कररावांनी वर्षभर आपलं बोलणं मुद्दाम नोंदवून ठेवलं होतं, शिवाय फोनवरचे शेकडो निरोप होते, लग्नकार्यातली चित्रणं होती. त्या सगळ्यावरून यंत्र शिकलं की हा माणूस कुठल्या वेळी काय बोलतो. आता एखादं अक्षर ऐकू आलं की बाकीचं वाक्य ते स्वतःच पुरं करायचं. भास्करराव पुन्हा घडाघडा बोलू लागले. दुपारी बाराला "जेवलीस का?", संध्याकाळी "दार लावलं का?", पेपर वाचून दाखवला की "या लोकांना काही लाज?" घर भरल्यासारखं झालं होतं.

आणि आता एक्केचाळीस तास शांतता.

नजमा जमिनीवर पालथी झाली आणि पलंगाखाली टॉर्च मारू लागली. कालिंदीबाई तिच्याशेजारी मांडी घालून बसल्या.

"काय झालंय?"

"तेच यंत्राला विचारायचंय. पण मोठं यंत्र आत्ता उत्तर देत नाहीये, म्हणून दुसऱ्याला विचारायला लागेल."

"दुसरं कोणतं?"

"याच्याच पोटात आहे. प्रत्येक मोठ्या यंत्रात एक बारकं, वेगळं यंत्र बसवलेलं असतं. त्याला बोलता येत नाही, काकांची अक्षरं कळत नाहीत. त्याचं काम फक्त राखण करायचं. मोठं तापलं का, पंखा फिरतो का, वीज आली का. मोठं झोपलं, अडकलं, मेलं तरी ते जागं असतं. आम्ही त्याला बीएमसी म्हणतो." मग तिने हसून पुढे जोडलं, "मुंबईची महापालिका नव्हे."

"मग विचार की त्याला."

"त्याचा पत्ता लागतो काकू. घरातल्या प्रत्येक यंत्राला नेटच्या जाळ्यात एक नंबर असतो, त्या नंबरावर हाक मारली तरच ओ देतं. रुग्णालयात याचा पासवर्ड लिहिलेला आहे, पण नंबर घरोघरी वेगळा. तो यंत्राच्या पुढच्या पट्टीवर छापलेला असतो."

तिने यंत्राच्या कडेची प्लास्टिकची पट्टी नखाने ओढून बाहेर काढली आणि टॉर्च जवळ नेला. पट्टी पांढरीशुभ्र होती. एका टोकाला पुसटसे दोन आकडे उरले होते, एक आणि सात.

कालिंदीबाईंनी पुढे वाकून ती पट्टी बोटाने चाचपली. मग त्या हळूच म्हणाल्या, "मी पुसते रोज. स्पिरिटने. खोलीतलं सगळं पुसायचं असं नर्सबाईंनी सांगितलं होतं. ही पट्टीही ओढून पुसायचे. वाटलं, आत धूळ बसत असेल."

ज्या बाईने तेहतीस वर्षांत एका बाटलीवरचं नाव पुसू दिलं नाही, तिने आपल्याच हाताने हे केलं होतं. नजमाला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"काकू, इतकं स्वच्छ यंत्र माझ्या चौदा घरांत नाही," ती म्हणाली. "बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला असता, पण ती आता दुसऱ्या कंपनीने घेतलीय, तिथे फोन नुसता वाजतो. आपणच शोधू. तुमचा राउटर कुठंय?"

राउटर टीव्हीच्या मागे होता. त्यात घरातल्या सगळ्या यंत्रांची यादी असते; नजमाने ती लॅपटॉपवर उघडली. नऊ नंबर होते. ती एकेक वाचत गेली आणि कालिंदीबाई ओळख पटवत गेल्या. हा माझा फोन. हा टीव्ही. हा यांच्या श्वासाच्या यंत्राचा. हा कूलर, हर्षलने फोनवरून चालणारा घेऊन दिलाय. हा त्याचाच जुना टॅब, कपाटात आहे, पण चार्जिंगला असतो. नऊच्या नऊ ओळखीचे निघाले. राखणदार त्यात नव्हता.

नजमा पुन्हा पलंगाखाली गेली आणि यावेळी यंत्राच्या मागच्या बाजूला पोहोचली. तिथे दोन भोकं होती. एकात वायर होती. दुसऱ्यावर रबराचं बूच होतं आणि त्याच्या वर छोट्या पान्याचं चित्र कोरलेलं होतं.

"हे बघा. याचं दारच वेगळं आहे, आणि ते पहिल्या दिवसापासून बंद. वायरच जोडलेली नाही."

तिने बॅगेतली वायर लावली, दुसरं टोक लॅपटॉपला. दिवा लागला नाही. वायर खराब होती. कालिंदीबाईंनी टीव्हीची इंटरनेटची वायर काढून आणून दिली. आता दिवा लागला, पण पडद्यावर काहीच आलं नाही.

"याचा नंबर कारखान्यातून कायमचा ठरवून दिलेला असणार. राउटरला तो विचारतच नाही." नजमा उठून बसली. "पण एक सवय असते या यंत्रांना. वायर नव्याने जोडली की एकदा, फक्त एकदाच, हाक देतात. मी अमक्या नंबरावर आहे, या नंबरावर आणखी कोणी आहे का? ती हाक पकडायची."

"मग आत्ता दिली असेल की."

"दिली. पण त्याच क्षणी माझा लॅपटॉप जागा होत होता. त्याला दोन-तीन सेकंद लागतात. तोवर हाक होऊन गेली."

कालिंदीबाईंनी विचार केला. प्रयोग फसला की आधी भांडं बघायचं, मग रसायन, हे त्यांच्या हाडात होतं. "मग लॅपटॉप आधीच जागा राहील असं कर ना. दोघांच्या मधे काहीतरी घाल. त्या राउटरला हा जोडलेला राहू दे, आणि वायर फक्त पलीकडून काढ-घाल कर."

नजमाने त्यांच्याकडे बघितलं. "तेच करायचंय. तुम्ही माझ्या विभागात का नाही आलात काकू?"

राउटर पलंगापाशी आला. लॅपटॉप त्याला जोडून तयार राहिला. नजमा पडद्याकडे बघत बसली आणि कालिंदीबाई, चौसष्ट वर्षांच्या, गुडघे दुखत असताना पलंगाखाली शिरल्या. वर भास्कररावांचे डोळे त्यांच्या हालचालीमागे जात होते.

"लावा."

पान्याच्या चित्राखाली खट्ट झालं. पडद्यावर एक ओळ उमटली.

"आला," नजमा म्हणाली. "घ्या लिहून. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, चाळीस, सतरा."

"सतरा," कालिंदीबाई पलंगाखालूनच म्हणाल्या. "पट्टीवर एक आणि सात होते."

त्या बाहेर आल्या आणि पदराने कपाळ पुसून त्यांनी तो नंबर कॅलेंडरच्या पानामागे लिहिला. नजमाने तो लॅपटॉपवर टाकला, रुग्णालयाच्या वहीतला पासवर्ड टाकला, आणि पडद्यात एक छोटा चौकोन उघडला. मोठ्या यंत्राला स्वतःचा पडदा नव्हता. पण असता तर त्यावर काय दिसलं असतं, ते राखणदार दाखवत होता. काळ्या चौकोनात दोन ओळी होत्या. पहिली डिस्क नादुरुस्त आहे. दुसऱ्या प्रतीवरून सुरू करू का?

खाली नुसतं हो आणि नाही.

"हे शनिवारपासून विचारतंय?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"शनिवारी पाच वाजल्यापासून. कोणी उत्तर दिलं नाही म्हणून थांबून राहिलंय. बंद-चालू केलं असतं तर दुसरी प्रतही गेली असती, काकांची चार वर्षांची ओळख पुसली गेली असती. बरं झालं तुम्ही हात लावला नाही."

"तू सांगितलंस म्हणून." कालिंदीबाईंनी पलंगाकडे बघितलं. "नाहीतर मी केव्हाच बटण दाबलं असतं."

नजमाने हो दाबलं.

सात-आठ मिनिटांनी पलंगाखालून ओळखीचा गुणगुणाट सुरू झाला. नजमाने नोंदी तपासल्या. अक्षरं ओळखणारा भाग दुसऱ्या प्रतीत शाबूत होता. शब्दपूरण मात्र बिघडलेल्या डिस्कवर होतं. ते जुन्या बोलण्यावरून नव्याने रचायला सहा तास लागणार होते. तोवर काका बोलतील, पण मदतीशिवाय. एकेक अक्षर.

"काका, बोला हळूहळू. घाई नाही."

बराच वेळ काही झालं नाही. कालिंदीबाई उशाशी बसल्या. बाहेर वैशाखातलं भुसावळचं ऊन होतं, आणि खिडकीतल्या कूलरचा आवाज सोडला तर घरात आवाज नव्हता. मग यंत्रातून आलं, "कू".

"कूलर?" कालिंदीबाई लगेच उठल्या. "वाढवते हं."

"थांबा काकू," नजमा म्हणाली. "त्यांचं होऊ द्या."

चार मिनिटं गेली. "ल." मग "र." मग खूप वेळ काहीच नाही. कालिंदीबाईंचा हात कूलरच्या बटणाकडे जाऊन परत आला. अकराव्या मिनिटाला पुढचं अक्षर आलं आणि त्याच्यामागोमाग दुसरं.

"न. को."

कालिंदीबाईंना आधी कळलंच नाही. त्यांनी भास्कररावांकडे बघितलं. "कूलर नको? थंडी वाजते तुम्हाला?"

डोळे वर गेले, आणि वरच राहिले.

होळीपासून, म्हणजे दोन महिने, हे यंत्र दिवसातून पाच-सहा वेळा म्हणत होतं, अगं, कूलर वाढव. आणि प्रत्येक वेळी त्या उठून वाढवत होत्या. त्यांनी बटण बंद केलं. कपाटातून सोलापुरी चादर काढली, ती त्यांच्या छातीपर्यंत ओढली, पाय नीट गुंडाळले. पाय बर्फासारखे गार होते. रोज पुसताना हाताला ते गारच लागत होते, पण आजारात असतात तसे, असं त्या समजत होत्या.

"असं कसं झालं?" त्यांनी नजमाला विचारलं. तिला त्या स्वयंपाकघरात घेऊन आल्या होत्या.

"काकांच्या सगळ्या जुन्या बोलण्यात, भुसावळच्या उन्हाळ्यात, कूलर म्हटलं की पुढे वाढवच आलंय. यंत्र तेवढंच शिकलं. अंगावर मांस नसलं, हालचाल नसली की उन्हाळ्यातही थंडी वाजते, हे त्याला कोण सांगणार? कू ऐकलं की ते वाक्य पुरं करून मोकळं."

"पण चुकलं तर खोडता येतं ना?"

"येतं. यंत्र वाक्य आधी हळूच त्यांच्या कानातल्या बारक्या स्पीकरमध्ये म्हणतं, नको असेल तर डोळे डावीकडे तीन सेकंद धरून ठेवायचे. आपल्याला तीन सेकंद काही वाटत नाहीत."

कालिंदीबाईंनी गॅसवर शेवभाजी ठेवली आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. नजमा ओट्याला टेकून उभी होती. दोन भाकऱ्या झाल्या. तिसरी तव्यावर टाकून त्यांनी विचारलं, "मग बाकीचं?"

"बाकीचं काय काकू?"

"ते जेवलीस का विचारतात. दार लावलं का."

"तेही बरंचसं यंत्राचं असेल. काकांनी पहिलं अक्षर दिलं असेल, किंवा नुसती वेळ झाली असेल."

कालिंदीबाईंनी भाकरी उलटली. खरा प्रश्न अजून पुढे होता.

गेल्या दिवाळीपासून रोज संध्याकाळी नळी साफ करून, कूस बदलून, पाठीला पावडर लावून झाली की यंत्र एक वाक्य म्हणायचं. "कालिंदी, आभारी आहे." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांनी मागे वळून बघितलं होतं, खोलीत आणखी कोणी आलंय की काय. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात भास्कररावांनी त्यांना नावाने हाक मारली नव्हती. अगं, नाहीतर हर्षलची आई. आणि आभार तर सभेत मानतात, घरात कोण मानतं? पण ते वाक्य रोज येत राहिलं. रात्री तीनदा उठून कूस बदलणं, हर्षलचे महिनोन्महिने न येणारे पाय, मागच्या वर्षी हातातून सुटलेली बहिणीची भेट, सगळं त्या एका वाक्यावर निभत होतं. कोणाला त्या हे बोलल्या नव्हत्या.

त्यांनी ते नजमाला सांगितलं. तव्याकडे बघत सांगितलं.

"तेही यंत्रच म्हणत असेल का?"

नजमा "नाही" म्हणाली नाही. ती धीर देण्यापुरतं काही बोलणारी मुलगी नव्हती. "बघता येईल," ती म्हणाली. "प्रत्येक वाक्याची नोंद असते. यंत्राचा अंदाज काय होता आणि काकांनी स्वतः काय दिलं. पण एकदा बघितलं की बघितलं, काकू. विचार करून सांगा."

कालिंदीबाईंनी गॅस बंद केला. हात धुतले, पुसले. "बघ."

दोघी जेवायच्या आधीच लॅपटॉपपाशी बसल्या. नजमाने आधी कूलरची ओळ काढली: यंत्राच्या अंदाजाची खात्री शंभरात चौऱ्याण्णव, काकांकडून एकच अक्षर. मग जेवलीस का: शंभरात सत्त्याण्णव. मग तिने संध्याकाळच्या नोंदी काढल्या आणि तिचं बोट पडद्यावर थांबलं. तिने एक दिवस बघितला, दुसरा बघितला, फाल्गुनातला एक, माघातला एक.

"काकू, हे वाक्य यंत्राच्या अंदाजात कधीच नव्हतं. एकदाही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काकांनी आयुष्यभरात नोंदवलेल्या बोलण्यात आभार हा शब्दच नाही. आणि तुमचं नावही नाही. जे माणूस कधी बोललाच नाही, ते यंत्राला सुचणार कुठून? हे बघा, परवा शुक्रवारचं. काकांनी क दिला, यंत्राने लगेच कानात म्हटलं, कूलर वाढव. काकांनी खोडलं. पुन्हा क, त्याला काना. यंत्र म्हणालं, काय वाजले. खोडलं. का, मग ल. यंत्र म्हणालं, काल कोण आलं होतं. तेही खोडलं. अशी सहा वेळा. सगळी अक्षरं स्वतः दिलीत. एकोणीस मिनिटं लागली."

"रोज?"

"रोज. कमी-जास्त. एवढ्या महिन्यांत शिकायला हवं होतं यंत्राने, पण नवीन बोलणं शिकायची सोय मागच्या वर्षीच बंद केलीय, आजारात चुकीचं शिकतं म्हणून. त्यामुळे रोज पहिल्यापासून." नजमाने कूलरची ओळ पुन्हा वर काढली. "दुपारी कूलर वाढव खोडायला त्यांना ताकद पुरत नसेल असं नाही. काका ती राखून ठेवत असतील. संध्याकाळसाठी."

कालिंदीबाई उठल्या. लॅपटॉपशेजारून, नजमाच्या मागून, त्या पलंगापाशी गेल्या. भास्करराव चादरीत होते, डोळे उघडे. त्या कडेला बसल्या आणि चादरीखाली हात घालून त्यांचा हात हातात घेतला.

"मलाही म्हणायचं होतं," त्या म्हणाल्या. "मी बाळंतपणात आजारी होते, तेव्हा शेडमधनं पळत यायचात दुपारी. तेव्हापासूनचं राहिलंय. आज म्हणते. आभारी आहे मी."

त्यांनी नाव घेतलं नाही. ते त्यांच्याच्याने झालं नसतं. भास्कररावांचे डोळे वर गेले. मग पाण्याने भरले, आणि ते पुसायला हात नव्हता, म्हणून कालिंदीबाईंनी पुसले.

नजमा तोवर स्वयंपाकघरात जाऊन ताटं वाढत होती.

दुपारी साडेचारला यंत्राने विचारलं की शब्दपूरण तयार आहे, सुरू करू का. कालिंदीबाईंना खोटं बोलायचं नव्हतं. त्यांना ते हवं होतं. जेवलीस का हे यंत्राने विचारलं असेल, पण रोज दुपारी बाराला त्याला उत्तर देताना त्यांना घरात माणूस असल्यासारखं वाटत होतं. हर्षल हैदराबादहून फोनवर होता, तोही म्हणाला, "आई, चालू ठेव. एकेक अक्षर म्हटलं तर पप्पांशी फोनवर बोलणंच होणार नाही."

"मग येत जा," त्या म्हणाल्या. आवाज चढवून नाही, नुसतं सांगितलं.

मग त्या भास्कररावांकडे वळल्या. "काय करू? सुरू करू?"

त्यांनी डोळे मिटले. पुन्हा उघडून मिटले, गैरसमज नको म्हणून.

नजमाने शब्दपूरण बंद केलं. निघताना कालिंदीबाईंनी तिच्या बॅगेत भाकऱ्या आणि कैरीच्या लोणच्याची बरणी घातली. "आईला दे. तिला सांग, मुलगी चांगली वाढवलीस."

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. घर शांत झालं. शेडमधले एक जुने मित्र रोज तासभर गप्पा मारायला येत. ते आठवड्यातून एकदा येऊ लागले, मग यायचे थांबले. भास्करराव दिवसाला पंधरा-वीस शब्द बोलत. पण ते कोणते असतील हे आता कोणालाच आधी सांगता येत नव्हतं. एकदा सबंध सकाळ घालवून ते म्हणाले, बहिणीकडे जा. कालिंदीबाईंनी हर्षलला तेवढंच कळवलं. तो आठ दिवस रजा टाकून आला, बापाची कूस बदलायला शिकला, आणि कालिंदीबाई सहा वर्षांत पहिल्यांदा अमळनेरला बहिणीकडे जाऊन चार रात्री राहिल्या. परतल्या तेव्हा हर्षल पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसला होता. त्याने बोट ओठावर ठेवलं. पप्पांचं वाक्य अर्धं झालं होतं.

त्यानंतर तो दर महिन्याला येऊ लागला.

भास्करराव पौषात गेले. सकाळी, झोपेतच. तेराव्यानंतर आठवड्याने नजमा यंत्र न्यायला आली. चोपड्याला एक शिक्षिका होत्या, अठ्ठेचाळीस वर्षांच्या, त्यांना जाळी बसवून झाली होती आणि त्या यंत्राची वाट बघत होत्या.

"पुसायच्या आधी एक विचारायचं असतं, काकू," नजमा म्हणाली. "शब्दपूरण अजून आत आहे. माणूस नसलं तरी ते काकांच्या आवाजात बोलू शकतं. काही घरं त्याची प्रत ठेवून घेतात. सकाळ-संध्याकाळ ऐकतात."

"जेवलीस का म्हणेल?"

"म्हणेल."

कालिंदीबाईंनी यंत्रावरून हात फिरवला. "नको. ते त्यांचं नव्हतं. त्यांचं होतं ते माझ्यापाशी आहे. तू पूस."

नजमा पुसायचं काम करत होती तोवर त्यांनी कपाटातून जाड पांढरा कागद आणि न पुसली जाणारी शाई काढली. कॉलेजात बाटल्यांवर लिहायच्या त्याच सुवाच्य अक्षरात त्यांनी लिहायला घेतलं. राखणदाराचा पत्ता एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, चाळीस, सतरा. मागे पान्याचं चित्र आहे तिथे वायर लावा. नंबर बदलला असेल तर मधे राउटर घालून वायर काढून पुन्हा लावा, ते स्वतः हाक देतं. यंत्र बोलेनासं झालं तर बंद करू नका, ते काहीतरी विचारत असेल. यावर स्पिरिट लावू नका.

त्यांनी ते नजमाला वाचायला दिलं. नजमाने वाचलं, आणि म्हणाली, "एवढं पुरेसं आहे, काकू."

"एक राहिलं," कालिंदीबाई म्हणाल्या. त्यांनी कागद परत घेतला आणि खाली आणखी एक ओळ लिहिली. मग त्यावर पारदर्शक पट्टी चिकटवली, चारी कडा नखाने दाबल्या, आणि तो यंत्राच्या पुढच्या बाजूला, उशाशी बसणाऱ्या माणसाला दिसेल असा, लावला.

शेवटची ओळ होती: वाक्य त्यांना पुरं करू द्या.